ऐंशीवर अडलेला काटा

३ नोव्हेंबर, सोमवार

नातीने तिचा जुना लॅपटॉप मला देऊन टाकला आणि नोकरीच्या गावी निघून गेली. निघताना दारात, एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी उभी राहून ती बरंच काही समजावत होती. मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतो. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर वाऱ्याने अशी फुगली होती, की मला चौथीच्या पुस्तकातलं शिडाच्या होडीचं चित्र आठवलं. त्या चित्राखाली शाईचा डाग होता. तो नेमका कुणी पाडला, यावर वर्गात दोन तट होते.

भानावर आलो तेव्हा शेवटचं वाक्य कानी पडलं, "...जास्त वर्षं टिकायला हवं ना, म्हणून मुद्दाम तसं करून ठेवलंय. घाबरू नका, आजोबा."

माझ्या प्रकृतीची एवढी काळजी! गहिवरून आलं. काय करून ठेवलंय ते विचारायचं राहिलं. बहुधा मिठाची बरणी लपवली असावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मिठाची बरणी जागेवरच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज भोंग्याच्या मुलीचा फोन आला.

भोंगा म्हणजे शाळेतला माझा बाकसोबती. खरं नाव हजेरीपटापुरतं. तो प्रार्थनेला उभा राहिला की शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या बाई खिडक्या लावून घेत. मी किडकिडीत, म्हणून तो मला काटकी म्हणायचा. पुढे त्याने वडिलांचं धान्याचं दुकान चालवलं आणि मी सरकारी नोकरीत लागलो. गेली सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. कारण सवडीने लिहीन.

मुलगी म्हणाली, "काका, बाबांच्या घशात गाठ आहे. वीस तारखेला ऑपरेशन. त्यानंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते सारखी शाळेतली एक कविता म्हणत असतात, दिव्याची. अर्ध्यात अडतात. म्हणाले, पुढचं काटकीला येतं, त्याला विचार. तुम्ही वीसच्या आत एकदा व्हिडिओवर याल का? मी टीव्हीला जोडून देईन, म्हणजे तुम्ही मोठे दिसाल."

"अवश्य," मी म्हणालो. "अगदी अवश्य."

कविता मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारा:

काठावरला एक दिवा
वाऱ्याला म्हणे, जरा थांब,
पैलतीरी कुणी असेल,
वाट त्याची फार लांब.

फोन ठेवून लगेच लॅपटॉप भरायला लावला. शुभकार्याला भरल्या हाताने जावं. दोन तासांनी पाहिलं, ऐंशी टक्के. तीन तासांनी, ऐंशी. जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊन पाहिलं. ऐंशी.

चौतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. मापात खोट असली की मला खोलीत शिरतानाच वास येतो. आज घरातच आला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पंचनामा सुरू केला आहे. वहीत चार रकाने पाडले: वेळ, टक्के, फरक, शेरा.

सकाळी आठ ते बारा, दर पंधरा मिनिटांनी नोंद. सोळा नोंदी ऐंशीच्या. सतरावी घ्यायला गेलो तर ही म्हणाली, "अहो, ऐंशी टक्के म्हणजे चांगला पहिला वर्ग की! तुम्हाला मॅट्रिकला किती होते?"

अठ्ठेचाळीस होते. त्याचा इथे काय संबंध?

"बोलून टाका ना भोंगाभावजींशी आजच," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. समज, बोलता बोलता यंत्राने मान टाकली, तर त्या आजारी माणसाच्या मनाला काय वाटेल? अर्धपोटी बैलाला औताला जुंपू नये.

"हे किती वेळ चालतं एका भरण्यात?"

"मोजलं नाही. मोजून सांगतो."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजलं. ऐंशीपासून शून्यापर्यंत चार तास वीस मिनिटं.

"आणि कविता म्हणायला किती लागतात?" हिने विचारलं.

"सावकाश म्हटली तर तीन मिनिटं."

ती तोंडावर हात दाबून आत गेली. खोकला झाला असावा. हवाच तशी आहे.

मात्र शून्यापर्यंत उतरवल्यामुळे यंत्राची खोड जाईल असं वर्तमानपत्रातल्या एका सदरात वाचलं होतं. पुन्हा लावलं. शून्यातून पन्नासपर्यंत असं धावत आलं, की मी टाळी वाजवली. सत्तर. पंच्याहत्तर. एकोणऐंशीला मी खुर्ची पुढे ओढली.

ऐंशी. आणि तिथे ठाण मांडून बसलं, रुसलेल्या जावयासारखं.

९ नोव्हेंबर, रविवार

कालपासून केलेले उपाय: बैठकीतला सॉकेट बदलून स्वयंपाकघरातला घेतला. तिथून काढून बाहेरचा, चपलांच्या स्टँडजवळचा. चार्जरची पिन मऊ फडक्याने पुसली. यंत्र बंद करून भरलं. चालू करून भरलं. झाकण अर्धवट मिटून भरलं. फ्रिज बंद ठेवून भरलं, म्हणजे विजेत वाटेकरी नको. यावर हिने दुधाच्या पातेल्याबद्दल जे काही सुनावलं ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

फळ एकच. ऐंशी.

हिचं तिच्या बहिणीशी फोनवर बोलणं हल्ली फार वाढलं आहे. रोज दुपारी आतल्या खोलीत. आज दारावरून जाताना ऐकलं, "गिळता येतंय का आज? पातळ करून दे." बहिणीचे दात दुखत असावेत. या वयात सगळ्यांचं काही ना काही असतंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात यंत्र घेऊन गेलो. दुकान एका बाईंचं आहे. चांगल्या भारदस्त, कानावर पेन्सिल ठेवतात तसा स्क्रूड्रायव्हर. समोर उघड्या पडलेल्या यंत्रांची रांग, जशी आमच्या कचेरीत जप्त तराजूंची असे. क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं.

"काय होतंय या मशीनला, काका?"

"ऐंशीच्या पुढे भरत नाही. मापात खोट आहे."

बाईंनी चार्जरला मीटर लावलं, बॅटरी काढून हातात वजन केल्यासारखी धरली, पुन्हा बसवली. "चार्जर ठणठणीत. बॅटरी तर अगदी तरुण आहे. काही आजारबिजार नाही हिला."

"मग अडते का?"

"हिला कुणीतरी सांगून ठेवलंय, की बाई, इथवरच." त्या हसल्या. "आत जाऊन बघू का? पासवर्ड टाका."

पासवर्ड! चौतीस वर्षांत मी कपाटाची किल्ली साहेबालासुद्धा दिली नाही. तसं सांगितलं.

"मग ज्यांनी दिलंय त्यांना विचारा. आणि तोवर वायर लावून वापरा की. लावलेली असताना कशाला संपेल?"

परतताना वाटभर ते वाक्य मनात घोळत होतं. कुणीतरी सांगून ठेवलंय, की बाई, इथवरच. केवढा मोठा विचार! आपल्या सगळ्यांनाच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. त्या कळकट दुकानात एक कवयित्री दडलेली आहे आणि गावाला त्याचा पत्ता नाही.

वायर लावून बोलण्याचा प्रस्ताव मात्र फेटाळला. बैठकीतला सॉकेट कपाटामागे, स्वयंपाकघरातला ओट्यावर; वायर लावून बसायला जागा उरते ती फक्त चपलांच्या स्टँडजवळ. दिव्याची कविता चपलांशेजारी बसून म्हणायची? मास्तरांनी ती आम्हाला उभं राहून, हात मागे बांधून म्हणायला शिकवली होती.

"मग नातीला फोन करा," ही म्हणाली. "एका मिनिटात उलगडा होईल."

"ज्याच्याकडून माल आला, त्याची साक्ष चौकशी पुरी होईपर्यंत घेत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चं वजन मला कधीच नीट करता आलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्र बनवणाऱ्या कंपनीला नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला. "ज्या अर्थी आपण शंभराची पट्टी दाखवून ग्राहकाच्या पदरात प्रत्यक्ष ऐंशीच टाकता, त्या अर्थी..." लेखणी कशी सुसाट निघाली! निवृत्तीनंतर प्रथमच दुपारी झोप आली नाही.

दुपारी भोंग्याच्या मुलीचा फोन. "काका, जमेल का आज?"

"अगं, यंत्राची चौकशी चालू आहे. दोनच दिवस."

"बरं." मग जरा थांबून, "आवाज रोज उतरतोय, काका. काल संध्याकाळी नुसती हवाच येत होती."

मी मसुद्याचा तिसरा परिच्छेद पुरा केला. आता वाचून पाहिला तर त्यात क्रियापद नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ते कारण सवडीने लिहीन म्हटलं होतं. आज सवड आहे. ऐंशी टक्के आहे, पण सवड आहे.

त्या वर्षी बाजारपेठेतल्या दुकानांची अचानक तपासणी लागली. यादीत भोंग्याचं दुकान. मी गेलो. त्याने ओरडून स्वागत केलं, "या साहेब! काटकीचे साहेब झाले!" सगळ्या पेठेला ऐकू गेलं. नवा साहेब माझ्याबरोबर होता. मी मान खाली घालून प्रमाण वजनं काढली आणि त्याची तागडी तपासली. किलोमागे वीस ग्रॅमचा फरक निघाला. मी नियमाप्रमाणे तागडीला सील ठोकलं. वीस ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅम. मित्र असला म्हणून काय झालं?

तागडी एकोणीस दिवस बंद राहिली. पेठेत व्हायची ती चर्चा झाली. मापात पाप, असं कुणीतरी खडूने त्याच्या फळीवर लिहिलं. त्याची मुलगी तेव्हा शाळेत होती, तिला पोरांनी चिडवलं म्हणे. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

मी कर्तव्य केलं. हे मी पूर्वी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं आहे आणि दर वेळी पटलेलं आहे. आज लिहून काढल्यावर जरा कमी पटलं. शाई फिकी असावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अजून एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. कवितेचं शेवटचं कडवं मला आठवत नाही.

म्हणजे पहिल्या दोन ओळी आठवतात. "तेल सरेल, वात सरेल, जाईन मीही अंधारासवे..." आणि पुढे खड्डा. मोरीत, गच्चीवर, हात मागे बांधून, सगळीकडे म्हणून पाहिलं. खड्डा तिथेच.

खरं म्हणजे तो जुना आहे. चौथीत तोंडी परीक्षेला मी याच ठिकाणी अडलो होतो. भोंग्याने बाकावरून पुढची ओळ कुजबुजून सांगितली. भोंग्याची कुजबुज ती! मुख्याध्यापकांच्या खोलीत ऐकू गेली. मला पैकीच्या पैकी मिळाले आणि त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभा राहून तो खिडकीतून मला वेडावत होता.

लॅपटॉप ऐंशीवर. चौकशी चालू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज चौकशी संपली. निकाल लिहितो.

सकाळी मी एकशे बारावी नोंद करत होतो. ही समोर येऊन बसली. माझ्या पुढ्यात तिने चहाचा कप ठेवला, नेहमीप्रमाणे वरून बोटभर रिकामा. आज मी त्यावरही घसरलो. "या घरात एक वस्तू पूर्ण भरत नाही!"

"लग्न झाल्यापासून असाच देतेय," ती म्हणाली. "तुम्ही कप घेऊन खिडकीपाशी जाता, बाहेर बघत बसता आणि सांडता. म्हणून मुद्दाम कमी भरते. आज कळलं होय?"

मी कप बशीत सरळ केला.

"आणि ते यंत्र ऐंशीला थांबतं, ते आपल्या नातीने थांबवलंय. शंभरपर्यंत रोज भरलं की बॅटरी लवकर म्हातारी होते म्हणे. आजोबांना बरीच वर्षं पुरावी, म्हणून तसं लावून गेली. दारात तुम्हाला सांगितलं तिने. तुम्ही चादर बघत होता."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं बघू, तुमची सबब एका भरण्यात किती दिवस चालते. चौदा दिवस चालली! असली बॅटरी कुठे मिळत नाही बाजारात."

ती उठता उठता म्हणाली, "मी रोज दुपारी भावजींच्या मुलीशी बोलते. काल त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, काटकी आला का?"

म्हणजे बहिणीचे दात ठीक आहेत.

आता निकालाचा दुसरा भाग. तो मी सव्वीस वर्षं राखून ठेवला आहे.

त्या तागडीत वीस ग्रॅमचा फरक होता, तो गिऱ्हाइकाच्या बाजूचा होता. भोंगा किलोमागे वीस ग्रॅम जास्त देत होता. मुद्दाम. त्याच्या वडिलांनी तशी तागडी लावून घेतली होती. म्हणायचे, गरिबाची पिशवी घरी जाईपर्यंत कुठेतरी गळते, ती गळती आपल्याकडची. मला हे शाळेपासून माहीत होतं. त्याच तागडीवर आम्ही दोघं लहानपणी गोट्या तोलल्या होत्या.

पण तपासणीच्या छापील फॉर्मात "फरक किती" एवढाच रकाना होता. "फरक कुणाच्या बाजूचा" याला रकानाच नव्हता. मी लिहिलं, वीस ग्रॅम. साहेब शेजारी उभा होता. पेठेने आपला आपण अर्थ लावला आणि मी तो लावू दिला.

समासात एक ओळ लिहिता आली असती. समास चांगला बोटभर रुंद होता.

हे यंत्र निर्दोष आहे. त्याच्याविरुद्धचे एकशे बारा शेरे खोडले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चपलांच्या स्टँडजवळ खुर्ची ओढून, वायर लावून बसलो. हिने माझी कॉलर सारखी केली आणि एक चप्पल दृष्टीआड सरकवली.

पडदा उजळला. खाटेवर एक वाळका म्हातारा, गळ्याला मफलर. मी मुलीला विचारणार होतो, भोंगा कुठे आहे? तेवढ्यात त्या म्हाताऱ्याने डोळे मिचकावले.

"काटकी," तो म्हणाला. म्हणजे हवा म्हणाली. "जाड झालास की रे."

"आणि तू वाळलास."

"मापात ठेवलंय डॉक्टरांनी."

मी पाठ केलेलं भाषण विसरलो. सरळ म्हणालो, "भोंग्या, तो फरक गिऱ्हाइकाच्या बाजूचा होता. मी तसं लिहिलं नाही."

"माहीत आहे. त्या फॉर्मावर दुकानदाराची सही माझीच होती." त्याने श्वास घेतला. "रकाना नव्हता ना?"

"समास होता."

त्याने मफलर सैल केला, ओठ हलवले. मला वाटलं, आवाज संपला. मग त्याने खाटेच्या बाजूला हात केला. "ही बघ, मुलगी बसलीय. हिला शाळेत काय काय ऐकावं लागलं! मी सांगितलं तर ही म्हणायची, बाबा, तुम्ही असं म्हणणारच. आता तू सांग. मोठ्याने. माझ्यात तेवढा जोर नाही."

मी उठलो. हात मागे बांधले. उभ्या आयुष्यात इतक्या मोठ्याने बोललो नसेन. "तुझ्या बाबांची तागडी जास्त देत होती! किलोमागे वीस ग्रॅम जास्त! चूक माझी होती!" वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

मुलगी पडद्यातून उठून कुठेतरी गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ती बापाच्या उशीशी बसली. त्याचा मफलर नीट गुंडाळला.

"हं, आता कविता," भोंगा म्हणाला.

मी सुरू केली. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. शेवटचं आलं. "तेल सरेल, वात सरेल, जाईन मीही अंधारासवे..." आणि खड्डा. मी छताकडे पाहिलं. चपलांकडे पाहिलं.

तेव्हा पडद्यातून ती हवा आली, अक्षर अक्षर वेगळं:

उतरेल जो या काठावरती
पाऊल दिसणे तेवढे हवे.

"तुला येत होती!" मी ओरडलो. "अडतो म्हणालास ना मुलीला?"

"मी कधी अडलो?" तो म्हणाला. "म्हटलं, काटकी शेवटी अडणार. तेवढ्यासाठी तरी येईल."

त्याला धाप लागली. मुलीने पाणी दिलं. मी म्हणालो, "पुन्हा एकदा सांग रे. ती शेवटची ओळ पुन्हा निसटली."

त्याने सांगितली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन अकराला. आता बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ही फोनशेजारी बसली आहे, मी लॅपटॉपशेजारी. काटा ऐंशीवर आहे. असू दे.

काल एक गोष्ट लिहायची राहिली. शेवटची ओळ दुसऱ्यांदा मी विसरलो नव्हतो. पहिल्या वेळेलाच लख्ख आठवली होती, आता मरेपर्यंत जायची नाही. माप भरलं होतं. वरचं थोडं मागून घेतलं.